वेळ विसरला, नाव नाही

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला आमचा गिझर लागला नाही. उन्हाळ्यात गरम पाण्याचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण माझे सांधे ऋतू पाहत नाहीत. न्हाणीघरातल्या सोळा अँपिअरच्या स्मार्ट प्लगला साडेपाचची वेळ लावून दिलेली आहे आणि गेली चार वर्षं त्याने ती पाळली आहे. त्या दिवशी त्याचा निळा दिवा नुसता लुकलुकत होता.

आदल्या दिवशी घरात दोन गोष्टी झाल्या होत्या. जुन्या केबलवाल्याचं इंटरनेट बंद करून आम्ही नवी फायबरची जोडणी घेतली होती. आणि गुरुवार होता, म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. दुपारी वीज दोन तास गेली.

रविवारी माझा थोरला भाऊ आला. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं काढून निवृत्त झालेला, खिशात टेस्टर घेऊन लग्नाला जाणारा माणूस. माझी लेक इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर, घरूनच काम करते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, आणि दुरुस्तीच्या बाबतीत एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही. तेव्हा पुढे जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही, पण पोहे मात्र थंड झाले.

"पहिलं मला सांग," दादा म्हणाला, "हा प्लग बिघडलाय की हरवलाय?"

"हरवलाय," लेक म्हणाली. "त्याला जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड पाठ आहे. नव्या राउटरचं नाव वेगळं. त्यामुळे तो बसलाय शोधत."

"मग वेळ का विसरला?"

"कारण त्याच्यात घड्याळाची बॅटरीच नाही. वीज गेली की त्याची वेळ जाते, वीज आली की इंटरनेटवरून विचारून घेतो. नाव-पासवर्ड मात्र फ्लॅश मेमरीत लिहिलेले असतात. वर्षभर कपाटात ठेव, ते जात नाहीत."

म्हणजे आत्ता किती वाजले हे त्याला ठाऊक नाही, पण चार वर्षांपूर्वी या घरातल्या वायफायचं नाव काय होतं हे पक्कं ठाऊक आहे. आमच्या आजीचं शेवटच्या वर्षात असंच झालं होतं. मी बोलले नाही, दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं असतं.

गंमत अशी की लेकीच्या फोनवर जुनं नाव अजून दिसत होतं. 'वाडा'. इंग्रजी चार अक्षरं, त्यातलं पहिलं मोठं. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर दादानेच हौसेने ठेवलेलं. त्याला ते देवनागरीतच लिहायचं होतं. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'वाडा' त्यात आरामात बसलं असतं, पण आमच्या पहिल्या प्लगच्या ॲपमध्ये त्या जागी नुसते चौकोन उमटले आणि दादाने माघार घेतली.

"बंद केलेलं नेट दिसतंय कसं?" मी विचारलं.

दादा काही न बोलता स्टूल घेऊन माळ्याकडे गेला. जुना राउटर तिथेच होता, दिवे लावून बसलेला. जोडणीवाल्या मुलाने त्याची इंटरनेटची वायर काढली होती, विजेची तशीच ठेवली होती. पाठीमागे विहीर कोरडी, आणि पुढे पाणपोईची पाटी लटकतेय. निम्मी उपकरणं तिथे रांगेत उभी होती: जोडलेली, पण तहानलेली. म्हणूनच टीव्ही 'वायफाय जोडलं आहे' म्हणत होता आणि काही दाखवत नव्हता.

दादाने त्या राउटरचा प्लग उपटला. इथवर दोघांचं एकमत होतं.

"आता सोपं आहे," दादा म्हणाला. "नव्या राउटरला जुनं नाव द्यायचं, जुनाच पासवर्ड द्यायचा. झालं. एकाही यंत्राला हात लावायचा नाही."

"अजिबात नाही! मामा, ही संधी आहे. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून जोडायचं. नवं नाव, नवा पासवर्ड."

"किती वस्तू आहेत घरात?"

मी मोजल्या. गिझर, चार बल्ब, दिवाणखान्यातला पंखा, दारावरचा कॅमेरा, टीव्ही, बोलणारा स्पीकर, प्रिंटर, एअर कंडिशनर. अकरा.

"अकरा वस्तू," दादा म्हणाला. "प्रत्येकीची पुसायची तऱ्हा वेगळी. बल्ब पाच वेळा लावा-विझवा, प्लगचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅमेऱ्याच्या भोकात टाचणी घाला. पंखा मला आठवतही नाही. कंपनी बदलली म्हणून गिऱ्हाइकाने नंबर का बदलायचा? हाच प्रश्न होता ना मोबाइलचा? २०११च्या जानेवारीत देशभर पोर्टेबिलिटी आली. कंपनी बदला, नंबर तोच ठेवा. अख्ख्या देशाला कळलं ते तुला का कळत नाही?"

"नंबर तोच ठेवला म्हणून जुन्या पॉलिसीवाल्यांचे फोनही तसेच येत राहिले, मामा."

"ते उचलू नयेत."

"आणि तुमच्या एक्स्चेंजमध्ये नंबर बदलला तर निदान टेप लागायची, 'या क्रमांकात बदल झाला आहे' म्हणून. वायफायमध्ये तशी टेप नाही. नाव दिसलं नाही की उपकरण आपलं शोधत बसतं."

"म्हणूनच म्हणतो, नाव बदलूच नका!"

या मुद्द्यावर दादाला मी मनातल्या मनात एक गुण दिला. तिचाच दाखला त्याच्या बाजूने गेला होता आणि तिलाही ते कळलं, कारण तिने पोह्यांत चमचा घातला.

दादाने नव्या राउटरचं पान उघडलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड म्हणजे आमच्या कधीकाळच्या मांजराचं नाव आणि स्कूटरचा नंबर. तो घरात सगळ्यांना पाठ आहे. पाच मिनिटं गेली. एकही दिवा स्थिर झाला नाही.

लेक खुर्चीत मागे रेलली. "पहिलं अक्षर."

दादाने सगळी अक्षरं धाकटी टाकली होती. त्याच्या मते तो फरक क्षुल्लक. मग तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून जसंच्या तसं देते.

"नाव म्हणजे दारावरची पाटी नाही, मामा. २००४ पासूनच्या डब्ल्यूपीए-टू पद्धतीत किल्ली घडते ती पासवर्ड आणि नाव दोन्ही एकत्र दळून. ४०९६ वेळा दळतात. नावातलं एक अक्षर मोठ्याचं लहान झालं की पासवर्ड तोच असूनही किल्ली दुसरीच होते. आणि त्याच्याही आधीची गोष्ट, प्लगला ते आपलं नाव वाटतच नाही."

"म्हणजे नाव हा किल्लीच्या दात्यांपैकीच एक."

"हो."

"मग नाव जपायला पाहिजे हे मी म्हणतोय ते बरोबरच की."

हा माणूस खात्यात युनियनचा सेक्रेटरी होता हे सांगायचं राहिलं.

अक्षर सुधारलं. टीव्ही आला, स्पीकर आला. गिझर, बल्ब, पंखा ढिम्म. इथे दोघेही थोडा वेळ गप्प झाले, आणि मला वाटतं ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना ही जागा ओळखीची असेल. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, राउटर हाताच्या अंतरावर, तरी नाही.

कारणं दोन निघाली. नवा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देत होता आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवत होता. स्वस्त प्लग-बल्बांना फक्त २.४ कळतो, आणि अशा ढकलाढकलीत त्यातले काही गोंधळतात. दुसरं म्हणजे जोडणीवाल्याने सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-थ्री निवडून ठेवलं होतं. ती पद्धत २०१८ची. आमच्या गिझरच्या प्लगला ती शिकवलेलीच नव्हती.

दादाने पट्टे वेगळे केले, २.४ला डब्ल्यूपीए-टू दिलं. आणि मग खरोखर, पाहण्यासारखं दृश्य झालं. स्वयंपाकघरातला बल्ब, मग न्हाणीघरातला प्लग, मग पंखा, एकामागून एक सगळ्यांचे दिवे स्थिर होत गेले. कोणी काही केलं नव्हतं. दादा हात पाठीमागे बांधून घरभर फिरला.

"आपण यंत्रांसाठी नवं कुलूप जुनं करून घेतलं," लेक म्हणाली. "डब्ल्यूपीए-थ्रीवरून खाली उतरलो आपण. का? तर एका प्लगला जमत नाही म्हणून. पाहुणा जेवायला येतो म्हणून घराचा मजला खाली घ्यायचा?"

"पाहुणा नाही तो. चार वर्षं रोज पहाटे तुझ्या आईला पाणी देतोय."

प्रिंटर मात्र अडला होता. वायफायवर दिसत होता, छापत नव्हता. हे पाप दादाचं निघालं. मागे कधीतरी 'रोज रोज पत्ता बदलतो' म्हणून त्याने प्रिंटरला कायमचा पत्ता ठोकून दिला होता, १९२.१६८.१.५०. नवा राउटर तिसऱ्या आकड्यात १च्या जागी ० वापरतो. प्रिंटर आपल्या जुन्या गल्लीत बसून राहिला होता. घर तेच, गल्ली बदललेली.

"बघ," लेक म्हणाली. "उरलेल्या सेटिंगमध्ये नुसतं नाव नसतं. ठोकलेला पत्ता असतो, जुना डीएनएस असतो. तू नाव परत आणलंस, बाकीचं भूतकाळातच राहिलं. म्हणून म्हणते, पूस."

"प्रिंटर पूस. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"प्रिंटरचंच सांगते. ३१ जुलै २०२३ला कॅनन कंपनीने स्वतःच जाहीर केलं, त्यांच्या दोनशेच्या आसपास मॉडेल्सचे इंकजेट प्रिंटर नेहमीच्या पद्धतीने मूळपदावर आणले तरी वायफायची माहिती आत राहू शकते. उपाय काय सांगितला? सगळं रीसेट करा, मग वायरलेस चालू करा, मग पुन्हा एकदा सगळं रीसेट करा. दोनदा! रीसेट म्हणणं आणि पुसणं वेगळं असतं, मामा. अशा काही प्लगांत टास्मोटा नावाची प्रणाली घालता येते. तिच्यात रीसेटच्या आज्ञेला आकडा द्यावा लागतो. १ दिला की सगळं मूळपदावर. ४ दिला की बाकी सगळं जातं आणि वायफाय राहतं."

"म्हणजे ज्याने लिहिलं त्यालाही कळलं होतं की वायफाय राहू द्यावंसं वाटतं लोकांना."

"दुरुस्तीपुरतं! वस्तू घरात असताना. आपला जुना बल्ब तू भंगारात दिलास तो आठवतोय? २०१९च्या जानेवारीत एका संशोधकाने लाइफएक्सचा बल्ब करवतीने कापून दाखवला. आतल्या मेमरीत घरच्या वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेला होता. कंपनीने ती चूक सुधारली. पण आपण बाजारातून घेतलेल्या निनावी बल्बांची कोण सुधारणार?"

दादा यावर थोडा विचारात पडला. भंगारात बल्ब देणारा तो एकटा नव्हता, पण वस्तू देताना तिच्या आतली चिठ्ठी काढून घ्यावी हे त्याला पटलं असावं. टेलिफोन खात्यातही परत आलेल्या उपकरणावरची गिऱ्हाइकाची चिठ्ठी खरवडून काढायचे, असं तो पुटपुटला.

"पण विसरणंही तुझ्या हातात नसतं हं," तो लगेच म्हणाला. "पावसाळ्यात वीज चार-पाच वेळा लागोपाठ गेली-आली की ते बल्ब आपोआप सगळं विसरतात. का? पाच वेळा लावा-विझवा हीच त्यांची पुसायची खूण. वीज कंपनीने खूण केली की यांनी पुसलं. परदेशात बसून ठरवलेली युक्ती, जिथे दिवे असे फडफडत नाहीत."

हे खरं आहे. गेल्या जुलैत आमचे दोन बल्ब असेच कोरे झाले होते.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या वहिनी, हातात कैरीची डाळ.

"तुमचं नेट आलं वाटतं परत? माझा फोन एकदम चिवचिवायला लागला."

लेकीने दादाकडे पाहिलं. ते पाहणं मी वर्णन करू शकत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत वहिनींच्या मुलाची शाळा फोनवर भरत होती आणि त्यांच्याकडे नेट नव्हतं, तेव्हा मीच पासवर्ड दिला होता. जुन्या नेटचा वेग इतका कमी की पुढे त्यांनी स्वतःचं घेतलं. पण फोनने 'वाडा' लक्षात ठेवला होता, आणि नाव दिसताच तो आपल्या आपण भिंतीपलीकडून येऊन बसला.

वहिनी गेल्यावर लेक म्हणाली, "उरलेली सेटिंगं फक्त आपल्या वस्तूंत नसतात. कोणाकोणाला दिलाय हा पासवर्ड?"

वहिनी. रंगकाम करणारा. गणपतीत आलेली सगळी भावंडं. वरच्या मजल्यावरचे, ते आता बंगळुरूला. मी थांबले.

"शेजाऱ्याला नेट देणं हा काही गुन्हा नाही," दादा म्हणाला. आवाज मात्र उतरला होता.

"नाही. पण आईचा बँकेचा फोन आणि रंगाऱ्याचा फोन एकाच खोलीत कशाला? आणि मामा, मध्ये एकदा तू हे नाव लपवलं होतंस, आठवतं? सुरक्षित म्हणून?"

"हो. दिसलंच नाही तर घुसणार कोण?"

"लपवलेलं नाव राउटर पुकारत नाही, म्हणून फोनला पुकारावं लागतं. आईचा फोन लक्ष्मी रोडवर, दवाखान्यात, एसटीत, सगळीकडे 'वाडा आहेस का, वाडा' असं ओरडत फिरत होता. तू नाव लपवलंस, आणि तिला दवंडी पिटायला पाठवलंस."

मला इतकं हसू आलं की डाळ सांडली.

निवाडा शेवटी माझ्याकडे आला. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढायची सोय असते, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, 'वाडा' हे नाव आणि तो पासवर्ड त्या पाहुण्यांच्या नेटवर्कला द्या. तिथे बल्ब, पंखा, गिझर, वहिनी, सगळे राहू देत. त्यांना इंटरनेट मिळेल, घरातली माणसं दिसणार नाहीत. आमचे फोन, लॅपटॉप, टीव्ही, स्पीकर आणि प्रिंटर नव्या नावावर, नव्या पासवर्डवर, डब्ल्यूपीए-थ्रीवर. दोघेही नाराज झाले, तेव्हा हे बरोबर असणार असं मला वाटलं.

लेकीने एक अट घातली. आमच्या प्रत्येक फोनमधून 'वाडा' पुसायचं, नाहीतर सवयीने फोन तिकडेच जातील. माझा गेलाही, दोनदा. प्रिंटर तिने दोनदा रीसेट केला, कॅननचा नसूनही. दादाने जुना राउटर मागच्या भोकात टाचणी घालून कोरा केला आणि वायर गुंडाळून ठेवला. भंगारात नाही दिला.

दादा निघण्याआधी लेक राउटरमधली यादी तपासत होती. जोडलेल्या प्रत्येक वस्तूला कारखान्यातूनच मिळालेल्या मॅक पत्त्याच्या पहिल्या भागावरून चिप बनवणारा बहुधा कळतो. एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीच्या चिपा अशा वस्तूंत सर्रास असतात. आमच्या हिशेबाने त्या सहा हव्या होत्या: गिझर, चार बल्ब, पंखा. यादीत सात होत्या. तिने एकेक वस्तू बंद करून यादीतून कोण जातं ते पाहिलं, नावं लिहिली. सातवी कोणाचीच नव्हती.

"कोणाकडे तरी आपला पासवर्ड असलेली वस्तू आहे," ती म्हणाली.

"असेल आपलीच काहीतरी," दादा म्हणाला.

"आई, तू मोजल्यास ना? अकरा?"

"अकरा," मी म्हटलं.

तिने सातवीला मज्जाव केला. दादा काही बोलला नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा वीज गेली. रविवारी सकाळी बाल्कनीत गेले तर कढीपत्त्याने माना टाकल्या होत्या, मोगऱ्याची पानं कागदासारखी. मागच्या आठवड्यातही झाडं जरा मलूल वाटली होती, मी ते उन्हावर ढकललं होतं. मग कुंड्यांमधल्या बारीक नळ्या दिसल्या, नळ्यांमागे बादली, बादलीत छोटा पंप, आणि पंपाची वायर जिथे जाते तिथे कुंडीआड एक पांढरा प्लग. गेल्या वर्षी कोकणात जाताना दादानेच बसवून दिलेला. रोज सकाळी सहाला दहा मिनिटं पाणी. बसवला आणि आम्ही सगळे त्याला विसरलो; तो मात्र ते नाव विसरला नव्हता.

त्याचा दिवा भराभर लुकलुकत होता. समोर 'वाडा' होता, दार उघडत नव्हतं, आणि किती वाजले हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी आधी तांब्याने पाणी घातलं. मग दादाला फोन लावायचा की लेकीला उठवायचं, यावर थोडा वेळ उभी राहिले.